बायडाबाई आणि बोअरवाल्याची जीप

बायडाबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा मी एका गिऱ्हाइकावर खेकसत होते. मोटरसायकलचं सीट शिवून नेलं, महिन्याने उसवून आणलं आणि वर म्हणतो, भाभी, दोरा कच्चा होता. दोरा कच्चा नव्हता. त्याने तिघांना बसवून घाट चढवला होता. हे मी त्याला नीट समजावून सांगत होते, म्हणजे आवाज जरा वर गेला होता, तेवढ्यात रिक्षातून एक म्हातारी उतरली. आधी काठी उतरली, मग एक पाय, मग बऱ्याच वेळाने दुसरा. तिने आमचं सगळं भांडण उभ्याने ऐकलं आणि तो गेल्यावर म्हणाली, "बरं झालं. मला असंच माणूस पाहिजे."

वडवणीत बीड रोडला माझ्या नवऱ्याचं, जमीलचं, गॅरेज आहे आणि बाजूच्या गाळ्यात मी सीटं शिवते. लोक मला म्हणतात, गौसियाभाभी, तुमचं मराठी लई साफ हाय. इथेच जन्मले, इथल्याच शाळेत शिकले, साफ नसून करेल काय? असो. त्या दिवशी बायडाबाईंनी माझ्या मराठीचं कौतुक केलं नाही आणि मला त्या तिथेच आवडल्या.

गॅरेजच्या मागे एक जीप उभी होती. बोअर मारणाऱ्या एका ठेकेदाराची. फोर बाय फोर, म्हणजे चिखलात रुतली की चारही चाकं मिळून ओढतात अशी. त्याने नवी गाडी घेतली आणि ही विकायला म्हणून आमच्याकडे लावली, ती लावलीच. चाकांत गवत वाढलं होतं आणि शेजारच्यांची कोंबडी ड्रायव्हरच्या सीटवर अंडी घालत होती. बायडाबाईंनी काठी तिच्याकडे रोखली.

"ही डोंगर चढती का?"

"इंजिन खोलून बांधलं तर चढेल की," जमील म्हणाला.

"काळ्या रानातून निघती का?"

"निघेल."

"मग हिच्यात मला घर करून द्या. झोपायचं, रांधायचं, कोकरं ठेवायची. समदं हिच्यात."

जमीलचा एक दुर्गुण आहे, त्याला नाही म्हणता येत नाही. कुणी सायकलचं विमान करून मागितलं तरी तो 'करू की' म्हणेल आणि मग मला रात्रभर त्याचं कुरकुरणं ऐकावं लागेल. तो म्हणाला, करू की. मी मात्र विचारलं, "मावशी, घर घेऊन जायचं कुठं?"

"मेंढरामागं," त्या म्हणाल्या. "आनखी कुठं?"

बायडाबाई नेकनूरकडच्या. लग्न करून आल्या त्या वर्षापासून त्यांचं घर म्हणजे घोडीच्या पाठीवर मावेल तेवढं. दिवाळी झाली की त्यांचा वाडा निघतो. वाडा म्हणजे दगडमातीचा नव्हे. तीन-चार कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोड्या, कुत्री आणि कोंबड्या मिळून जे चालतं गाव होतं त्याला ते वाडा म्हणतात. आष्टी, कडा करत भीमेच्या अंगाला उतरायचं आणि पाऊस लागला की परतायचं. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, जमिनीला खत होतं. पुरुष मेंढरं चारतात. तळ उचलणं, घोड्या लादणं, पुढच्या रानात पुन्हा तळ टाकणं हे सगळं बायकांचं काम. बाई जिथे तीन दगड मांडून चूल पेटवेल ते तिचं घर, आणि घरचा पुरुष दिवसभर कुठेही फिरला तरी जेवायला त्याच चुलीपाशी येणार. बायडाबाईंचे यजमान सटवा वाड्याचे कारभारी होते. पण तळ कुठे पडणार हे ते बायडाबाईंना विचारूनच सांगायचे, असं सगळा वाडा सांगतो.

सटवा वारले. कारभार मुलाकडे, जीवनकडे आला. मग गेल्या हंगामात कडा गावाजवळ एका उसाच्या ट्रॅक्टरवरच्या गाण्याला घोडी बुजली आणि बायडाबाई डांबरावर आपटल्या. खुबा मोडला. बीडच्या दवाखान्यात सळई घातली, पाय वाचला, पण घोडीवर बसणं संपलं आणि लांबचं चालणंही संपलं. तेव्हा जीवनने ठरवून टाकलं की आई आता मागे राहील आणि तिच्या सोबतीला त्याची बायको, उज्ज्वला, राहील.

"पत्र्याची खोली हाय, नळ हाय, टीव्ही हाय, म्हनला," बायडाबाई माझ्या शिलाईच्या मशीनशेजारी बसून सांगत होत्या. "वाड्याचा नेमच हाय म्हनला. ज्याला चालवत न्हाई, घोडीवर बसवत न्हाई, त्यानं मागं ऱ्हायचं. खरं हाय, नेम हाय. माज्या सासऱ्याला आमी असंच दिवाळीला ठिवलं आन् शिमग्याला म्हातारं गेलं. काय झालतं त्येला? कायबी न्हाई. भिताडाकडं बघून बघून गेलं. मी न्हाई भिताडाकडं बघत मरायची."

त्या हे रडून सांगत नव्हत्या. भांडून सांगत होत्या, जणू मीच जीवन. येत्या दिवाळीला वाडा निघेल तेव्हा त्या वाड्यात असतील की पत्र्याच्या खोलीत, एवढी एकच गोष्ट त्यांना ठरवायची होती आणि ती त्यांनी ठरवली होती. नेकनूरच्या मिस्तरीकडे गेल्या असत्या तर चहा व्हायच्या आत जीवनला कळलं असतं. म्हणून वडवणी.

स्वतःच्या वाटणीचे मेंढे विकून त्यांनी जीप घेतली. ठेकेदार खूश, कोंबडी नाराज. मी विचारलं, ड्रायव्हर कुठून आणणार? तर म्हणाल्या, सून. दुसऱ्या खेपेला उज्ज्वलाला घेऊनच आल्या. काटकुळी, पदर खोचलेली, डोळे खाली. मला वाटलं, सासूने धरून आणलेली दिसते. जमीलने विचारलं, "शिकणार का, बहीण? जड जाते ही." तिने मान वर केली.

"मला कुनी इचारलं का, नेकनूरला ऱ्हाती का म्हनून?" ती म्हणाली. "नवरा तिकडं, मेंढरं तिकडं. आत्याबाई खोलीत भिताडाकडं बघनार आन् मी आत्याबाईकडं. शिकवा मला."

बाजार नसेल त्या दिवशी बाजारतळावर जमील तिला शिकवायचा. पहिल्या दिवशी तिने भाजीवाल्यांच्या ओट्याचा कोपरा उडवला. पान टपरीवरचे रिकामटेकडे हसायला लागले तेव्हा तिने गाडी तिथेच थांबवली आणि उतरून त्यांना विचारलं, "तुमच्यातलं कोन चालवून दावतंय?" कुणी पुढे आलं नाही. मला ती पोरगी फार आवडली. पुढे बीडला जाऊन तिने लायसन काढलं, तेही नवऱ्याला न सांगता.

घर करायचं काम मात्र सोपं नव्हतं. जमीलने मागचे दोन्ही बाक काढले आणि एका अंगाला फळ्यांचा पलंग बसवला. पलंगाखाली जाळीची पेटी, नव्या कोकरांसाठी. मागचा फाळका खाली पाडला की त्याचा ओटा व्हायचा आणि त्यावर बसल्या बसल्या स्वयंपाक करता यायचा. पाण्याच्या कॅनला तोटी, टपावर लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर ताडपत्री, बाजूला तीच ताडपत्री ओढली की मांडव. चढायला एक बुटकी पायरी आणि हाताला धरायला कडी. सगळं नट-बोल्टवर, म्हणजे उद्या कुणी साहेबाने हरकत घेतली तर पाने लावून अर्ध्या दिवसात जीपची जीप.

पलंगावरून वाद झाला. जमीलने बायडाबाईंच्या उंचीचा पलंग केला. त्या म्हणाल्या, अर्धा करा, जागा वाया जाते. घोंगड्यात गुडघे पोटाशी घेऊन झोपायची त्यांची जन्माची सवय.

"मी कवा पाय पसरून झोपले?" त्यांनी विचारलं.

"मग आता पसरा," मी म्हणाले.

त्यांनी काठीने फळीची लांबी एकदा मापली. मग जमीलला म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तेवढाच."

गादी माझ्याकडे होती. मी म्हटलं, तुमच्याकडे लोकर आहे, तीच भरू. त्यावर त्या इतक्या जोरात नाही म्हणाल्या की मशीनवरची सुई थांबली. फोमच पाहिजे आणि वर फुलाफुलाचं रेक्झिन. कारण नंतर कळलं. बीडच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सून नाकाला पदर लावून नर्सला म्हणाली होती, या बाईला मेंढराचा वास येतो, हिची खाट हलवा. आणि खाट हलवली होती. मोडलेल्या खुब्यासकट बायडाबाईंना दाराजवळ नेऊन ठेवलं होतं.

"माज्या घराला कुनी नाक मुरडायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

मला त्या न पाहिलेल्या बाईचा इतका राग आला की मी फोम चांगला जाड घातला. दुहेरी शिलाई मारली. दिवाळीच्या आधी जीप तयार झाली तेव्हा उज्ज्वलाने ती फिनेलने धुतली, बायडाबाईंनी आत अगरबत्त्यांचा पुडा संपवला. कोकरांच्या पेटीत कोकरू घालायचं नाही, निदान पहिल्या दिवशी तरी नाही, असा हुकूम सुटला. गाडी नव्या नवरीसारखी दिसत होती आणि तसाच घमघमाट येत होता.

जीवनला जीपचं कळलं ते वाडा निघायच्या आदल्या दिवशी. त्याने आरडाओरडा केला नाही. तो उंच, शांत माणूस आहे आणि शांत माणसांशी भांडणं मला जमत नाही. तो जीपभोवती एक फेरी मारून आला आणि आईला म्हणाला, "वाड्यात नवं जनावर घेतलं तर काय करतो आपन? पयल्या तळावर बांधतो. मेंढरं बिचकली न्हाईत तर ऱ्हातं, बिचकली तर माघारी. हिला बी तोच नेम."

"कबूल," बायडाबाई म्हणाल्या.

"माघारी म्हंजी तू बी माघारी, माय."

"कबूल म्हनलं ना."

पहिला तळ नेकनूरच्या पुढे एका कापलेल्या सोयाबीनच्या रानात होता. कुठला बोल्ट ढिला झाला तर म्हणून मी आणि जमील मोटरसायकलवरून मागे गेलो. वाडा सकाळीच पोचला होता. घोड्या सोडलेल्या, कोवळी कोकरं टोपलीसारख्या डालग्याखाली झाकलेली, मेंढरं बांधाकडेला चरत होती. उज्ज्वलाने जीप नाल्यातून उतरवून वर काढली, अशा सफाईने की जमीलच्या तोंडून 'वा' निघून गेलं. बायडाबाई मागे पलंगावर बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून.

आणि कुत्री सुटली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती मला आणि जमीलला ठाऊक नव्हती, पण त्या दोघींना जन्मापासून ठाऊक होती आणि तरी त्यांच्या डोक्यात आली नव्हती. मेंढरांचे चोर जीपमधून येतात. अंधारात रानाच्या कडेला गाडी लावायची, चार-सहा जनावरं आत कोंबायची आणि पळायचं. म्हणून वाड्यातलं प्रत्येक पिल्लू लहानपणापासून एकच धडा शिकतं, की रानात जीप आली तर फाडून काढायची. तो धडा त्या कुत्र्यांना बायडाबाईंनीच शिकवला होता. त्यांत सगळ्यांत पुढे भुत्या होता, ज्याला त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. त्याने ताडपत्रीला दात लावले. बायडाबाई आतून ओरडत होत्या, "भुत्या, मी हाय रं," पण बाहेर येत होता तो फिनेलचा आणि अगरबत्तीचा वास. त्याने आवाजापेक्षा नाकावर भरवसा ठेवला. कुत्र्यांचा कालवा ऐकून मेंढरं उधळली, बांध ओलांडून पलीकडच्या तुरीत घुसली. तूरवाला शेतकरी शिव्या देत धावत आला.

जीवनने कुत्री आवरली. मग जीपपाशी आला. त्याचा आवाज अजूनही शांतच होता.

"बघितलं, माय? उद्या उज्ज्वला गाडी माघारी नेईल." एवढं बोलून तो बाकीच्या पुरुषांबरोबर मेंढरं वळवायला गेला.

उज्ज्वला स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. जमील उगाच बोनेट उघडून बघायला लागला. बायडाबाई पलंगावरून हलल्या नाहीत. बसल्या जागी त्यांनी स्वतःचा पदर नाकाशी नेला.

"भाभी, मला कशाचा वास येतूय?"

"फिनेलचा, मावशी. आणि अगरबत्तीचा."

"मेंढराचा?"

"अजिबात नाही."

त्यांचा चेहरा तापला. "त्या दवाखान्यातल्या भवानीपायी," त्या म्हणाल्या, "मी माज्याच कुत्र्याला परकी झाले. तिला मी पुन्हा कवा दिसनार हाय? आन् मी तिच्यासाठी अगरबत्त्या लावत बसले." काठी फाळक्यावर आपटून म्हणाल्या, "उज्ज्वले, ऊठ. गादी फाडा ही."

उज्ज्वला कोयता घेऊन आली. मी तिला बाजूला सारलं. दुहेरी शिलाई माझी, मग उसवणारही मीच. खरं सांगते, प्रत्येक टाक्याला जीव दुखत होता. एवढं चांगलं काम माझ्या हातून वर्षात एकदा होतं. पण मी उसवलं. फोमची लादी बांधावर फेकली. वाड्याच्या सामानात लोकरीची पोती होती, एक आम्ही खोळीत रिकामं केलं. फुलाफुलाचं रेक्झिन खाली गेलं आणि वर सटवांचं जुनं घोंगडं आलं, जे बायडाबाईंनी इतके दिवस कपड्यांच्या पेटीच्या तळाशी दडवून ठेवलं होतं. जमीलने नाल्यातून पाणी आणून फिनेल धुतलं. बायडाबाई नवं लुगडं सोडून जुनं नेसल्या. मग त्या पायरीवरून उतरल्या, फाळक्याच्या जरा बाजूला तीन दगड मांडले आणि लेंड्या-गोवऱ्यांचा जाळ करून पुन्हा फाळक्यावर येऊन बसल्या. ओला धूर ताडपत्रीत भरला तशी मला खोकल्याची उबळ आली.

डालगं उचलून कोकरं आणायचं उज्ज्वलाला सुचलं. दिवसभर चरून आलेल्या मेंढ्या संध्याकाळी आधी आपलं कोकरू शोधतात, हे रोजचंच. तिने पोटाशी धरून एकेक कोकरू आणलं आणि जाळीच्या पेटीत सोडलं. ती सगळी एकदम ओरडायला लागली.

"वरडू द्या," बायडाबाई म्हणाल्या. "आनखी वरडा रं."

उन्हं कलली तेव्हा मेंढरं बांधावर दिसली. पुढे जीवन, बाजूला कुत्री. जीप अजून तिथेच बघून मेंढरं थबकली. भुत्या गुरगुरत पुढे आला. मग एका मेंढीने कान टवकारले, कोकराला ओ दिली आणि सरळ धावत आली ती जीपच्या मागच्या चाकापाशी. तिच्यामागे दुसरी, तिसरी. बघता बघता जीपच्या तिन्ही बाजूंनी मेंढ्या, जाळीला तोंडं लावून ओरडत. आया तिकडे गेल्या म्हटल्यावर बाकीचा कळप कुठे जाणार? तोही आला. भुत्याने त्यांच्या पायांतून वाट काढली, चाक हुंगलं, पायरी हुंगली, बायडाबाईंचा लोंबता पदर हुंगला आणि शेपटी हलवली. मग मागे जाऊन चाकावर तंगडी वर केली.

"झालं पासिंग," जमील म्हणाला.

भुत्या जीपखाली शिरला आणि बाहेर तोंड करून बसला. आता या जीपकडे दुसरी जीप आली असती तर त्याने तिचं काही खरं ठेवलं नसतं.

जीवन लांबून बघत उभा होता. मग त्याने वाघर आणली, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि खुंट्या ठोकायला लागला. एक बाजू, दुसरी बाजू. तिसऱ्या कोपऱ्यावर आला तेव्हा हातातली खुंटी त्याने खाली टाकली आणि वाघरीची दोरी जीपच्या बंपरला बांधली.

"गाठ घट्ट मार," बायडाबाई म्हणाल्या. "सकाळी मलाच सोडायची हाय."

त्याने गाठ घट्ट मारली. अंगावरची धूळ झटकली. "माय, उतर आता. काकूकडं भाकरी झाल्यात. जेवायला चल."

बायडाबाई फाळक्यावर बसून पीठ मळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"चूल हितं हाय," त्या म्हणाल्या. "जेवायला तू ये."

काकू म्हणजे बायडाबाईंची जाऊ; तिची चूल तिकडे धुमसत होती आणि सगळा वाडा बघत होता. मला वाटलं, आता हा शांत माणूस पहिल्यांदा आवाज चढवणार. माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण जीवनने पायातल्या वहाणा काढल्या, वाघरीला वळसा घालून आला आणि तीन दगडांपाशी मांडी घालून बसला. बायडाबाईंनी फाळक्यावरून वाकून भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि भाजेपर्यंत मागे सरकून दोन्ही पाय पलंगावर लांब पसरले.